सातव्या भागातली अक्काताई

माझ्या हाताखाली काम केलेली माणसं आजही सांगतात, महालिंगअण्णा सेटवर आले की कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबायचं. या गोष्टीचा मला कैक वर्षं अभिमान होता. लाज वाटायला लागली ती २००९ साली, विद्याश्रीच्या साखरपुड्यानंतर.

विद्याश्री माझी एकुलती एक मुलगी. सासरी जाण्याआधी तुला काय पाहिजे ते माग, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो. मला वाटलं, पाटल्या मागेल. ती म्हणाली, "अप्पा, मला आव्वाचा आवाज ऐकायचाय. फोटोत तोंड दिसतंय, पर आवाज आठवतच न्हाय."

तिची आई अक्काताई गेली तेव्हा पोर पाच वर्षांची होती. कावीळ झाली आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. मी कोल्हापुरातल्या शेकडो लग्नांचं शूटिंग केलं, दूरदर्शनसाठी दोन मालिका केल्या, जोतिबाच्या यात्रेवर माहितीपट केला. घरातल्या बाईपुढे मात्र कधी माइक धरला नाही. धरला तो एकदाच, तोही अडचण आली म्हणून.

ती १९९२ची गोष्ट. माझी पहिली मालिका, तेरा भागांची. दिग्दर्शक मी, निर्माता मी, आणि मिजास दोघांची. सातव्या भागाचं शूटिंग कोडोलीत, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात लावलं होतं. धाकटा दीर भांडून घराबाहेर निघतो आणि वहिनी ताट घेऊन म्हणते, "जेवून तरी जावा, भावजी." एवढं एकच वाक्य. ते काम करणारी बाई ऐनवेळी आलीच नाही. अक्काताई मागच्या सोप्यात आमच्या सगळ्यांसाठी भाकरी थापत बसली होती. तिला उठवलं, हात धुवायला लावले आणि कॅमेऱ्यासमोर उभं केलं.

वाक्य तिला पाठ झालं, बोललीही झकास. घोडं अडलं दुसरीकडेच. ताट घेऊन आली की दिराकडे बघायचं सोडून नेमकी कॅमेऱ्याकडे बघायची. एकदा नाही, नऊ वेळा.

"अगं ए, तिकडं बघ की! कॅमेऱ्यात काय ठेवलंय तुझं?" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

ती हसली, पदर सावरला, पुन्हा आली आणि पुन्हा तेच. शेवटी टेप संपली आणि माझा धीरही संपला. एडिटिंगला बसल्यावर तो प्रसंगच मी उडवला. तिला सांगितलं नाही.

सातवा भाग लागायच्या दिवशी तिनं सगळी गल्ली घरी बोलावली होती. स्वतः नवं इरकल नेसून, विद्याश्रीला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसली. भाग संपला, नावं वर सरकायला लागली, तरी ती तशीच बघत होती. शेजारच्या धोंडुबाईनं विचारलं, "अक्काताई, तू कुठं दिसली न्हाईस गं?"

"मलाच जमलं न्हाय बाई," असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली. मला एका शब्दानं विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी मात्र चहात साखर कमी पडली म्हणून चारचौघांत बोललो.

त्या काळी टेपा महाग. भाग तयार होऊन मुंबईला गेला, की उरलेल्या कच्च्या टेपांवर आम्ही सर्रास दुसरं शूटिंग करायचो. नवं चित्र जुन्यावर चढायचं, जुनं कायमचं जायचं. विद्याश्रीनं आवाज मागितल्यावर मला ते स्वयंपाकघर आठवलं, आणि दोन दिवस माळा उपसल्यावर ती टेप सापडली. डबीवर माझंच अक्षर. 'भाग ७, स्वयंपाकघर' यावर काट मारलेली आणि खाली 'साखर कारखाना, वार्षिक सभा'. सभा टेपच्या शेवटापर्यंत पोचली नसावी, एवढीच आता आशा होती.

ती टेप चालवायचं जुनं मशीन संगमेशकडे होतं. संगमेश माझा त्या वेळचा कॅमेरामन, आता कबनूरला त्याचा फोटो स्टुडिओ आहे. विद्याश्रीला घेऊन तिथे गेलो. अध्यक्षांचं भाषण, हारतुरे, आभार असं सगळं आम्ही तिघांनी मुकाट्यानं बघितलं. मग चित्र हललं, पांढरे पट्टे आले आणि कोडोलीचं स्वयंपाकघर दिसलं.

अक्काताई ताट घेऊन आली. किती लहान होती! दिराच्या पुढ्यात थांबली आणि मान वर करून सरळ आमच्याकडे बघायला लागली. चेहरा सगळा उजळला होता. तिनं तोंड उघडलं, आणि माझा आवाज आला, "कट! कट! अगं किती येळा सांगायचं तुला!"

ती ओशाळून हसली. टेप संपली. सगळं मिळून अकरा सेकंद.

संगमेश मशीनवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "अण्णा, वहिनी कॅमेऱ्याकडं बघतच नव्हत्या. तुम्ही माझ्या खांद्याला खांदा लावून हुभं हुता. तुमच्याकडं बघत हुत्या. मी तवाच सांगणार हुतो, पर तुमच्याफुडं बोलायचं कुणी?"

मला तिथली खुर्ची सापडेना. लग्नाला दहा वर्षं झालेली बायको, भर गर्दीत, एवढा आनंद तोंडावर घेऊन माझ्याकडे बघत होती, आणि मी ते चूक म्हणून कापलं. मी रडलो, पोरीसमोर, संगमेशसमोर.

विद्याश्रीनं टेप मागे घ्यायला लावली. तिनं कान स्पीकरला लावला आणि पुन्हा ऐकलं. परत एकदा ऐकलं. दरवेळी आईचे ओठ उघडायचे आणि माझं ओरडणं सुरू व्हायचं.

चौथ्या वेळी तिनं स्वतःच मशीन बंद केलं. माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाली, "बोलू द्यायचं हुतं की अप्पा तिला."