दगड ही शिवी नव्हे

कॉलेजांच्या त्या शहरात कुणी कुणाला गाव विचारत नाही, विचारतात, "कुठल्या वर्षाला?" सुट्ट्या लागल्या की निम्मं शहर ओस पडतं, झेरॉक्सवाला दुकानातच ताणून देतो, आणि कॉलेजं उघडली की रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. काकूंचं घर कॉलेजमागच्या गल्लीत. वर तीन खोल्या, तीन भाडेकरू मुली. वीस वर्षांत इतक्या येऊन गेल्या की नावं लक्षात ठेवायचं काकूंनी केव्हाच सोडलं होतं. त्या विषयावरून हाका मारत. "ए गणित, गीझर बंद कर!" "रसायन, तुझं दूध उतू गेलं बघ!"

सध्याची सगळ्यात लाडकी होती दगड. ती भूगर्भशास्त्र शिकायची, आणि खिडकीत, कपाटात, उशाशी, जिथे तिथे तिचे दगड. झाडताना काकूंच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. पण तिला यायला जरा उशीर झाला की दारात येऊन उभ्या राहायच्या त्याच.

बुधवारी तिने काकूंना स्वयंपाकघरात गाठलं. चेहरा रडवेला.

"काकू, उद्या बाबा येतायत. त्यांना वाटतंय मी कायदा शिकतेय. मी पहिल्याच महिन्यात विषय बदलला, पण सांगायचा धीर झाला नाही. कळलं तर मला घरी घेऊन जातील."

"कळेल कसं? मी का सांगणार आहे?" काकू म्हणाल्या.

काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांनाही होतं. म्हणून गुरुवारी सकाळपासून त्या भांडी घासता घासता घोकत होत्या: कायदा, कायदा, कायदा.

बाबा आले. रुंद खांदे, तळहात घट्ट्यांनी भरलेले, बोलणं अगदी हळू. काकूंनी चहा दिला आणि जिन्याशी जाऊन सवयीने हाक मारली, "ए दगड! खाली ये, बघ कोण आलंय!"

बाबांनी कप खाली ठेवला. "बाई, माझी मुलगी हुशार आहे. तिला दगड म्हणता?"

"अहो, शिवी नाही हो ती!" काकू कळवळल्या. "मी सगळ्यांना विषयावरून हाक मारते. गणिताची ती गणित, दगडांची ती..."

पुढचा शब्द त्यांनी गिळला, पण पोरीच्या पायावर धोंडा पडायचा तो पडलाच होता. ती जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती.

"तीस वर्षं खाणीत दगड फोडले मी," बाबा म्हणाले. आवाज चढला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. "तू खुर्चीत बसावंस म्हणून कायद्याला घातलं. आणि तू परत दगडातच? चल, सामान बांध."

"चूक माझी आहे हो," काकू म्हणत राहिल्या. त्यांना स्वतःची जीभ छाटून टाकावीशी वाटत होती. बाबा वर गेले, मागोमाग त्याही.

बाबांनी बॅग ओढली, आणि खिडकीतला एक काळा दगड बघून थांबले. तो उचलून बोट ओलं करून त्यावर फिरवलं.

"हा आपल्या खाणीतला."

"हो. सुट्टीत आणला."

"याची नस आडवी असते. घण उभा घातला तर मेहनत वाया."

तिने नाक पुसलं. "हे आम्हाला कुणी शिकवलं नाही."

"मग शिकवतात काय?"

"वय. हा सहा कोटी वर्षांचा आहे, बाबा."

बाबांनी बोटांवर शून्यं मोजून बघितली आणि नाद सोडला. "सहा कोटी! आणि मी रोज याच्यावर घण घालतोय. मोठ्या माणसावर हात उगारला म्हणायचा."

काकूंना हसू फुटलं. त्यांनी पटकन तोंड दाबलं.

बाबा कॉटवर बसले. "खोटं बोललीस ते लागलंय मला. इतक्यात जायचं नाही ते."

"हो."

"आणि आईला तू सांगायचंस. मी मध्ये पडणार नाही."

"म्हणजे... मी राहू?"

बाबांनी खिडकीतला दुसरा दगड उचलला आणि विचारलं, "याचं वय काय?"