खांब क्रमांक सतरा

दीनानाथ टेंब्यांना लखनौबद्दल वाईट बोलता येत नसे, आणि या भाद्रपदात नेमकं तेच त्यांना करायचं होतं.

माणूस मूळचा वाईचा, रेल्वेत पुलांचा इंजिनियर. एकोणतिसाव्या वर्षी बदलीवर इथे आला, तो सदुसष्टावं लागलं तरी इथेच. पुण्याच्या लग्नकार्यात कुणी "गाव कोणतं आपलं?" असं विचारलं, की टेंबे "विकास नगर, लखनौ" असं सांगत. समोरच्याने भुवई उंचावली, तर त्याचं ताट थंड होईपर्यंत त्याला सोडत नसत. एकदा साडू म्हणाले, "मेट्रो काय, आमच्याकडेही आहे." टेंब्यांनी फक्त विचारलं, "कोणत्या साली आली?" लखनौच्या आलमबागेत ती पाच वर्षं आधी धावली होती. साडूंनी श्रीखंड वाढून घेतलं.

अशा माणसाने मार्चमध्ये घर विकायला होकार दिला होता.

झालं असं, की निनादचा पुण्याहून फोन आला. "बाबा, तुम्ही दोघं आता इकडे या. अकरावा मजला, दोन लिफ्ट, खाली दवाखाना. तिथे एकटे काय करता?" फोन स्पीकरवर होता. टेंबे नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात सरोजताई म्हणाल्या, "जाऊ या की." टेंब्यांनी बायकोकडे पाहिलं. नोकरीभर हिने परत महाराष्ट्रात बदलीचे अर्ज आपल्यासाठी फाडले. आता हिला तिकडे जायचं असेल, तर आपण कोण अडवणारे? ते "हो" म्हणाले. दिलेला शब्द आणि टाकलेला गर्डर मागे घेत नाहीत, असं ते नोकरीत ज्युनिअर लोकांना सांगत. आता तो गर्डर त्यांच्याच डोक्यावर लटकत होता.

निनादने गिऱ्हाईकही शोधलं. नरेंद्र अगरवाल, चिनहटला त्यांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. घर पाडून त्यांना मुलासाठी कोचिंग सेंटर काढायचं होतं. गणपतीच्या पाचव्या दिवशी इसार द्यायचा, असं ठरलं. त्याआधी चतुर्थीच्या आदल्या दिवशी अगरवाल घर पुन्हा एकदा बघायला आले, आणि टेंब्यांनी मनाशी ठरवलं: आपल्याला नाही म्हणता येत नाही. त्यानेच नाही म्हटलं, तर शब्दही राहील आणि घरही.

"देखिए अगरवालजी," अंगणात खुर्ची टाकून ते म्हणाले, "आप से क्या छुपाना. बारिश में इस गली में पानी भरता है."

"अच्छा? कितना?"

"घुटनों तक." एवढं बोलून थांबायला हवं होतं. पण आतला इंजिनियर जागा झाला. "मगर चालीस मिनट में उतर जाता है. पिछले साल नया नाला बना है ना. उसकी ढाल देखिएगा कभी. मैंने खुद लेव्हल लगाकर देखी, एक सूत का फ़र्क़ नहीं."

"वाह," अगरवाल म्हणाले.

टेंब्यांनी दुसरी बाजू लावली. "और बंदर बहुत हैं यहाँ."

"बंदर तो भाईसाहब, कहाँ नहीं हैं."

"नहीं, यहाँ के..." ते अडखळले. "अमरूद के लिए आते हैं. अब अमरूद है ही ऐसा. चखिए तो." आणि स्वतः उठून त्यांनी झाडावरून पिकलेला पेरू काढून दिला.

"बिजली का क्या हाल है?"

"जाती थी," टेंबे म्हणाले, आणि त्या 'थी'वर त्यांनी स्वतःचीच जीभ चावली.

अगरवाल गेल्यावर सरोजताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हात पिठाचे, चेहरा सरळ.

"छान घाबरवलंत. जाताना सहा पेरू घेऊन गेला."

"मी कशाला घाबरवू? खरं ते सांगत होतो."

"हो का," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघून आत गेल्या.

खरा घोळ मात्र टेंब्यांनी जूनपासूनच करून ठेवला होता. विकास नगरातल्या मराठी मंडळाचा गणपती एका भाड्याच्या हॉलमध्ये बसे. बँकांतली, सरकारी कंपन्यांतली, रेल्वेतली साठेक घरं. यंदाचा देखावा टेंब्यांकडे होता, आणि विषय त्यांनीच दिला होता: 'विकास नगर, सन २०४५'. सोळा फुटी टेबल. एक सेंटिमीटर म्हणजे दोन मीटर, त्यात तडजोड नाही. गल्लीतलं प्रत्येक घर त्यांनी टेपने मोजून पुठ्ठ्यात कापलं होतं. शेजारी राजाराम तिवारींचा बेकायदा सज्जाही त्यांनी मोजमापासकट लावला, त्यावरून तिवारी आठवडाभर बोलत नव्हते. आणि रस्त्याच्या बरोबर मधून, खडूच्या पांढऱ्या खांबांवर, एक मेट्रो जात होती. ही मेट्रो कुणी मंजूर केली नव्हती, मागितलीसुद्धा नव्हती. टेंब्यांना ती तिथे दिसत होती, एवढंच. स्टेशन त्यांच्या फाटकापासून पंचेचाळीस सेंटिमीटरवर, म्हणजे नव्वद मीटरवर होतं.

पहिल्या दिवशी देखावा उघडला आणि दुसऱ्या दिवशी, कुणाकडून तरी ऐकून, अगरवालांचा फोन आला. आवाजात साखर.

"टेंबेजी, आपने बताया नहीं! स्टेशन बिलकुल बग़ल में आ रहा है?"

"अरे, वो तो सिर्फ़ देखावा..."

"आप रेल के आदमी हैं, साहब. आप ऐसे ही थोड़े बनाएँगे. मैं पाँचवें दिन पिताजी को लेकर वहीं आता हूँ. दर्शन भी हो जाएँगे, काम भी."

फोन ठेवून टेंब्यांनी पेरूच्या झाडाकडे पाहिलं. आपल्याच हातांनी आपण गिऱ्हाईकाला हळद लावली होती. ज्या गोष्टीसाठी इथे राहायचं, तीच दाखवून आपण घर विकत होतो.

"स्टेशन हलवा की जरा लांब," सरोजताई सहज म्हणाल्या. त्या चहा गाळत होत्या.

"कुठे हलवू? तिथे वळण आहे, इकडे शाळा. स्टेशन येईल तर तिथेच येईल."

"येईल तर ना? अजून काहीच आलेलं नाही."

"म्हणून काय चुकीचं दाखवायचं?"

"नका बाई दाखवू," सरोजताई म्हणाल्या, आणि कप समोर ठेवला.

पाचव्या दिवशी मंडळात अथर्वशीर्षाची आवर्तनं आणि एकवीस डझन मोदक. बायका दुपारपासून हॉलमागच्या स्वयंपाकघरात होत्या. उकड सरोजताईंच्या हाताखाली. टेंबे साडेपाचला पोचले. हॉलमध्ये मंडळाचा चिटणीस निरंजन, बँकेतला, माईकशी झटत होता; बाकी कुणी आलेलं नव्हतं. टेंब्यांनी सवयीने देखाव्यावर नजर फिरवली आणि ते जागीच थांबले.

खांब क्रमांक सतरा त्यांच्या अंगणात होता.

अगदी पेरूच्या झाडाजवळ. सोळा आणि अठराही रस्ता सोडून सरकले होते, आणि वरचा पुठ्ठ्याचा मार्ग त्यांच्या मागोमाग वाकला होता. टेंब्यांनी खिशातून पट्टी काढली. साडेसात सेंटिमीटर. म्हणजे प्रत्यक्षात पंधरा मीटर. वळणाची त्रिज्या त्यांनी मनातच काढली. या वळणावर मेट्रो काय, ई-रिक्षाही उलटली असती.

ते वाकले. खांबाच्या बुडाशी त्यांनी डिंक वापरला होता. इथे मात्र पांढरं, मऊ काहीतरी होतं. त्यांनी बोट लावलं, वास घेतला. तांदळाची उकड. तुपाचा हात लावलेली.

स्वयंपाकघरातून सरोजताईंचा आवाज येत होता. "पद्मा, पाणी उकळल्याशिवाय पिठी घालू नकोस गं!" आवाज अगदी निर्मळ.

टेंब्यांनी खांब चिमटीत धरला. उकड अजून ओली होती. उचलून मूळ जागी ठेवायला पाव मिनिट पुरलं असतं. नोकरीत त्यांनी चुकीचं ड्रॉइंग म्हणून एक पूल सात महिने अडवून धरला होता. चिमटीतला खडू हलला.

"नमस्कार, टेंबेजी!"

अगरवाल आणि त्यांचे वडील दारात होते. टेंब्यांनी बोटं सोडली. खांब जिथे होता तिथेच राहिला.

वडील ऐंशीचे, काठीवाले. देवाला हात जोडून ते थेट टेबलाशी आले. "कौन-सा मकान?"

"ये रहा, पिताजी. अमरूद वाला." अगरवालांचं बोट पुठ्ठ्याच्या घरावर आलं आणि तिथेच अडकलं. "टेंबेजी... ये क्या है?"

"खंभा," टेंबे म्हणाले.

"आपके आँगन में?"

"मॉडल में तो आँगन में ही है."

"फ़ोन पर तो आपने..."

"फ़ोन पर आपने स्टेशन का पूछा था. स्टेशन अपनी जगह है." हे खरं होतं. टेंबे खोटं एक अक्षर बोलणार नव्हते. नोकरीतल्या चौकशांत त्यांनी एवढं कमावलं होतं.

"ये... पास हो गया है?"

"नहीं साहब. कुछ पास नहीं हुआ. ऐसी कोई लाइन है ही नहीं. ये मैंने अपने मन से बनाई है."

वडिलांनी काठी जमिनीवर आपटली आणि मुलाकडे वळले. "सुना? सरकारी आदमी जब कहे कि कुछ है ही नहीं, तो समझो नोटिस छप चुका है."

"लेकिन पिताजी..."

"कोचिंग खोलेगा कि खंभे से लटकेगा? चल."

अगरवालांनी टेंब्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यात राग नव्हता, सहानुभूती होती. "बुरा हुआ आपके साथ. इतना अच्छा अमरूद." जाताना त्यांनी मोदक मात्र घेतले.

हे सगळं तेवढ्यात आलेल्या तिवारींनी माईकमागे उभं राहून ऐकलं होतं. आरतीपर्यंत गल्ली आली, आणि आरतीनंतर गल्लीचं मत बदललं. आधी हळहळ झाली. मग कुणीतरी भरपाईचा विषय काढला. त्याबरोबर हळहळ आटली.

"भाईसाहब, हमसे क्या दुश्मनी थी?" तिवारी म्हणाले. "छज्जा हमारा दिखाया, खंभा अपने यहाँ ले लिया."

"तिवारीजी, ये ग़लती है. मैं कल ठीक कर दूँगा."

"देखा?" तिवारी बाकीच्यांकडे वळले. "कितना छुपाते हैं."

निरंजनने माईक शेवटी जिंकला होता, आणि जिंकलेला माईक वाया घालवणं त्याला जमेना. शहराच्या भवितव्यासाठी स्वतःचं अंगण देऊ करणारे आपले टेंबेकाका, असं म्हणत त्याने त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. ती दुसऱ्या कुणासाठी आणलेली होती. टेंब्यांनी माईकवर दोनदा सांगितलं, की मी काहीही देऊ केलेलं नाही. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या.

घरी येऊन ते शालीबरोबर मिळालेला नारळ हातात घेऊन बसले होते, तोच निनादचा फोन आला.

"बाबा, अगरवाल नको म्हणतायत. पिलर काय, नोटीस काय, मला काही कळेना. जाऊ दे, मी दुसरं गिऱ्हाईक बघतो. एक जण आहे..."

टेंब्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. भांड्यांचा आवाज थांबला होता.

"बघू नकोस," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मला यायचं नाही. मार्चमध्येच सांगायला हवं होतं. तुझ्या आईला यायचं असेल तर ती..."

"आईला कुठे यायचंय?" सरोजताई दारातूनच म्हणाल्या. "उठता-बसता लखनौ, लखनौ. म्हटलं, जाऊ या म्हणून तरी बघू, हा माणूस नाही म्हणतो का! तर हे 'हो' म्हणून मोकळे. पाच महिने मी वाट बघतेय. अकराव्या मजल्यावर मला कोण विचारणार, आंटी, घुटना कैसा है?"

फोनमधून नातीचा आवाज आला. आर्याला मराठी सगळं कळे, पण सात वर्षांची होईपर्यंत ती याच अंगणात वाढली होती आणि भांडण तिला हिंदीतच आवडे. "पापा, मैंने बोला था ना! दादी नहीं आएँगी. अमरूद का सीज़न है."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं हॉलवर गेली. उकड वाळून दगड झाली होती. टेंब्यांनी पट्टीने खरवडली, मग चाकूने.

"ही पुलांना वापरायला हवी होती," ते म्हणाले.

"सांधेसुद्धा लागले नसते," सरोजताई म्हणाल्या.

सोळा, सतरा, अठरा पुन्हा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. टेंब्यांनी पट्टी लावून खात्री केली. मग एका पुठ्ठ्यावर सुवाच्य हिंदीत लिहून तो टेबलापुढे लावला: 'यह मेट्रो लाइन काल्पनिक है. किसी का मकान नहीं जाएगा.'

विसर्जनाच्या दिवशी त्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं: 'मुआवज़े का फ़ॉर्म कहाँ मिलेगा?' भरपाई मागणारं अक्षर तिवारींचं होतं.

टेंब्यांनी ते दोनदा वाचलं. ज्या गल्लीत न आलेल्या मेट्रोचा फॉर्म मागतात, तिचं पुढे काहीतरी नक्की होणार. आलेल्या अर्जाला उत्तर दिल्याशिवाय त्यांनी नोकरीत एकही फाइल बंद केली नव्हती. त्यांनी खिशातून पेन काढून खाली लिहायला घेतलं.

"२०४५मध्ये तुम्ही सत्त्याऐंशीचे असाल," मागून वाचत सरोजताई म्हणाल्या.

"हो, पण नव्वद मीटर मला चालवेल," टेंबे म्हणाले, आणि त्यांनी ओळ पुरी केली: 'सन २०४५ में, मेरे घर पर. पता यही रहेगा.' खाली सही, तारीख, आणि सवयीने 'प्रत: श्री. राजाराम तिवारी'.