आवाज करणारा नर, एक

आमच्या डोंगरावरच्या जंगलाचं रक्षण एक बेडूक करतो. अंगठ्याएवढा, हिरवा, झाडावर राहणारा, जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारा. वनखात्याच्या फलकावर तसं लिहिलं आहे. प्रत्यक्षात गेली अकरा वर्षं ते काम शेकियोंदो नावाचे एक वृद्ध गृहस्थ करतात; गाव त्यांना म्झे, म्हणजे आजोबा, म्हणतं.

डॉक्टर न्गोवी पहिल्यांदा बेडूक मोजायला आल्या, तेव्हा म्झे वाटाड्या होते. खऱ्या बेडकानं उत्तर द्यावं म्हणून त्यांनी ओढ्याकाठी लहानपणी ऐकलेला आवाज काढला. उत्तर आलं नाही. मागून येणाऱ्या बाईंच्या आवाज टिपणाऱ्या यंत्रानं म्झेंनाच टिपलं. बाई इतक्या हरखल्या, की खुलासा करणं असभ्य दिसलं असतं. बेडूक अतिसंकटग्रस्त ठरला, जंगल तोडायला आलेल्या करवती परत गेल्या. झाडं राहिली म्हणून गावाचा ओढा राहिला.

तेव्हापासून दर पावसाळ्यात बाई येतात आणि म्झे वेलदोड्याच्या झुडपात बसून ओरडतात.

यंदा म्झेंनी गावप्रमुख मवानाइदीला सांगितलं, "मी टांगा शहरात चाललो, लेकीकडे. तिनं खोली बांधलीय माझ्यासाठी."

"जा की. बेडूक तेवढा ठेवून जा."

"अगं, गुडघे गेलेत माझे."

"बसूनच तर ओरडायचंय."

"दुसऱ्या कुणाला शिकवतो."

"शिकवलंत की! गेल्या साली आमच्या ह्यांनी काढला आवाज. बाईंनी बदक लिहिलं."

संध्याकाळी बाई आल्या. यंत्राची पिशवी माझ्या खांद्यावर होती, म्हणून पुढचं मी ऐकलं. म्झे झुडपातून उठून उभे राहिले.

"बाई, बेडूक मी आहे."

बाईंनी यंत्र बंद केलं. "ठाऊक आहे, म्झे. तिसऱ्या वर्षी बेडकाला खोकला झाला होता."

"मग इतकी वर्षं..."

"नामशेष लिहिलं, की महिन्याभरात करवती येतील. तुम्हीच सांगा, काय लिहू?"

खाली ओढ्यावर बायका बादल्या भरत होत्या. म्झेंनी तिकडे पाहिलं.

"बसा," बाई म्हणाल्या. "ओल आहे, खाली पोतं घ्या."

म्झे बसले. बाईंनी यंत्र सुरू केलं.

यंदाच्या अहवालात नोंद आहे. अधिवास: एक ओढा. आवाज करणारा नर: एक. स्थलांतर: करत नाही.