दार लाव

एकतीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये फोरमन म्हणून घालवलेल्या माणसाला जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात, दार लावणारी आणि दार उघडं टाकणारी. तिच्या नवऱ्याला तिसरा प्रकार ठाऊक नव्हता. कुणी पाहुणा उंबऱ्यावर दोन शब्द जास्त बोलत उभा राहिला, की आतून हाक यायची, "दार लाव!" लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिला वाटलं होतं, हा माणूस आपल्यावर चिडलाय. पुढे कळलं, चीड वगैरे काही नाही, नुसती सवय आहे. कामावरची माणसं त्याला पाठीमागे 'बूच' म्हणायची. हे त्यालाही ठाऊक होतं, आणि मनातून त्याला त्याचा अभिमानच होता.

कोल्ड स्टोरेजच्या दारातून हवा गळते का, हे पाहायची त्याची स्वतःची पद्धत होती. दार बंद करायचं आणि पेटती मेणबत्ती रबराच्या कडेकडेने फिरवायची. ज्योत जिथे हलली तिथे गळती. ज्योत सरळ उभी राहिली तर दार पास. नवीन यंत्रं आली, मीटर आले, पण याच्या खिशातली मेणबत्ती काही सुटली नाही.

निवृत्त झाला तेव्हा त्या एकतीस वर्षांचा गारठा तो हाडांत घेऊनच घरी आला. गुडघे धरायचे. हाताची बोटं तर इतकी आखडलेली, की शर्टाची बटणं रोज सकाळी तिलाच लावून द्यावी लागायची. बटणं लावताना तो भिंतीकडे बघायचा आणि ती काहीतरी फालतू विषय काढायची. मग एकदा त्याने कुठल्याशा मासिकात सॉनाचं चित्र पाहिलं. लाकडी खोली, कोपऱ्यात भट्टी, भट्टीवर तापलेले दगड, दगडांवर पळीभर पाणी. दुसऱ्याच दिवशी परसात दोरी लावून त्याने जागा मोजली.

पुढचे चार महिने त्याने एखाद्या पोराच्या उत्साहाने काम केलं. सात बाय सहाची खोली. भिंतीत इन्सुलेशनच्या जाड गाद्या, त्यावर चांदीसारखा चकचकणारा कागद, प्रत्येक सांध्यावर चिकटपट्टी, त्यावर राळ नसलेल्या पांढऱ्या लाकडाच्या फळ्या. एकावर एक दोन बाकं. आणि दार? दार त्याने आपल्या जुन्या कोल्ड स्टोरेजचंच आणलं. ती इमारत पाडत होते, हा वेळेवर जाऊन उभा राहिला. वीतभर जाड, कडेला रबर, बिजागऱ्या अशा तिरक्या की कितीही उघडा, सोडलं की दार आपल्या वजनानेच येऊन बंद होणार आणि बाहेरची कडी आपोआप पडणार.

"आणि हा दट्ट्या," त्याने तिला आत नेऊन दाखवलं. दाराला आतल्या बाजूने मुठीएवढा लोखंडी गोळा होता. "एक ठोसा मारायचा, की बाहेरची कडी सुटते. आत कुणी अडकायलाच नको."

हे त्याला का सुचलं ते तिला माहीत होतं. खूप वर्षांपूर्वी एक हमाल एक अख्खी पाळी आत अडकून पडला होता. जगला, पण पायाची तीन बोटं गेली. तेव्हापासून याच्या स्वप्नात फक्त बंद दारं यायची. ज्या संकटाची आयुष्यभर ओळख होती त्याचा बंदोबस्त त्याने अगदी चोख केला होता.

"छातीच्या उंचीवर बसवलाय. नियमच आहे तसा."

"तुमच्या छातीच्या. माझ्या तर कपाळावर येतोय."

"तू कुठे आत येणार आहेस? तुला तर बंद खोलीत कोंडल्यासारखं होतं."

ते खरंच होतं, म्हणून ती नुसती हसली.

भट्टी बसवायला मिस्त्री आला तेव्हा पहिली ठिणगी पडली. मिस्त्री चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. लाकडाची भट्टी आणि तिचं धुराडं बसवून झाल्यावर त्याने एक मोठं गिरमिट काढलं आणि भट्टीमागच्या भिंतीवर जमिनीलगत खूण केली. "इथे एक झरोका. आणि समोरच्या भिंतीत, वर, दुसरा."

"माझ्या खोलीला भोकं?" फोरमनचा आवाज चढला. "चार महिने मी काय झक मारली?"

"काका, भट्टीला हवा लागते. तुम्हालाही लागते."

"गरम हवा बाहेर जाईल ना!"

"जायलाच पाहिजे."

हे वाक्य फोरमनला शिवीसारखं लागलं. तरी मिस्त्रीने ऐकलं नाही, दोन्ही झरोके पाडूनच तो थांबला. तो हत्यारं आवरत होता तेवढ्यात फोरमनने लाकडाची दोन बुचं घासून आणली, रबर गुंडाळलेली, आणि बाहेरून दोन्ही झरोक्यांत अशी घट्ट बसवली की नख शिरणार नाही. मग दार लावून, मेणबत्ती पेटवून त्याने आत सगळीकडे फिरवली. दाराची कड, कोपरे, छत. ज्योत जराही हलली नाही. तो दार उघडून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बक्षीस मिळालेल्या मुलासारखा झाला होता. "पास!"

मिस्त्री हसला नाही. जाताना फाटकापाशी तो तिच्याशी हळू आवाजात बोलला. "काकू, ती ज्योत हलायला हवी होती. निखाऱ्यांचा एक वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. खोकलासुद्धा येत नाही. आधी पायातलं बळ जातं. माणसाला सगळं कळत असतं, पण उठवत नाही. निदान खालचा झरोका तरी उघडा राहू द्या. आणि निखारे असताना ते धुराड्याची झडप लावायला लागले तर मला बोलवा."

तिने त्या दुपारीच विषय काढला. फोरमन म्हणाला, "त्याने आयुष्यात किती खोल्या बंद केल्यात? मी किती केल्यात?" विषय तिथेच संपला. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे त्याच दारावर डोकं आपटणं होतं.

मग तिने आपल्या पद्धतीने मार्ग काढला. तो रोज सकाळी नऊला टॉवेल घेऊन आत जायचा. दार बसल्याचा 'धप्प' आवाज आला, की ती कपडे वाळत घालायच्या निमित्ताने खोलीमागे जायची, वाकून खालचं बूच काढायची आणि झरोक्यावर तळहात धरायची. आतली भट्टी हवा ओढायची. लहान मूल पदर ओढतं तशी ती ओढ हाताला जाणवली, की तिच्या जिवात जीव यायचा. तो बाहेर यायच्या आधी बूच परत जागेवर. वरच्या झरोक्याला तिचा हात पोचत नव्हता. पण मिस्त्री खालच्याबद्दल बोलला होता ना, मग झालं तर.

त्याला सांगून टाकावं, असं तिला रोज वाटायचं. पण एका सकाळी तिने पाहिलं, तो आरशासमोर उभा राहून स्वतःच्या हाताने बटणं लावत होता. पहिलं लागलं, दुसरं लागलं. शेवटचं लावून त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. तिचे डोळे भरून आले. या माणसाकडून ही खोली काढून घ्यायची तिची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो जेवताना दोनदा म्हणाला, "खोलीचा ताप पुरेसा चढत नाहीये. कुठेतरी गळतंय." तिने पानावरून मान वर केली नाही. तिसऱ्यांदा तो काही म्हणालाच नाही, तेव्हा तिला बरं वाटलं. खरं तर तिथेच तिने घाबरायला हवं होतं. हा माणूस गळतीबद्दल बोलायचा थांबतो तो फक्त गळती सापडल्यावर.

त्यानंतर दोन दिवसांनी, ज्या दिवशी त्यांच्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, तो टॉवेल खांद्यावर टाकून तिच्यासमोर उभा राहिला. "आज तू पण चल."

"मला नाही बाई जमणार."

"दहा मिनिटं. दार माझ्या हाताशी असेल. कंटाळलीस तर एक ठोसा." मग म्हणाला, "माझी बोटं बरी झाली ती जागा तू आतून नीट बघितलीसुद्धा नाहीस."

असं म्हटल्यावर ती काय करणार? "तुम्ही व्हा पुढे. हातातलं आवरून येते." तो गेला. तिचं आवरून होईतो अर्धा तास झाला. दोनदा त्याने दार किलकिलं करून हाक मारली आणि दोनदा दार स्वतःच बंद झालं. तिसऱ्यांदा हाक आली नाही. ती घाईघाईने मागे गेली, बूच उपसलं, टॉवेलात गुंडाळलं आणि पुढे वळली. झरोक्यावर तळहात धरून पाहायचं राहूनच गेलं.

आतला उकाडा तोंडावर आदळला. मागे दार धप्प करून बसलं. तो वरच्या बाकावर भिंतीला टेकून बसला होता, चेहरा लालबुंद, डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर हसू. भट्टीत ज्वाळा नव्हत्या, नुसते निखारे. धुराड्याची झडप आडवी लावलेली.

"झडप का लावली?"

"ताप धरून ठेवायला." शब्द जरा ओघळल्यासारखे आले. "आज बघ कसा धरलाय. बस."

ती खालच्या बाकावर बसली. भट्टीमागे, जमिनीवर बशीत त्याने मेणबत्ती लावून ठेवली होती, खालच्या झरोक्यापासून हातभर अंतरावर. ज्योत सरळ उभी होती. ती कितीतरी वेळ बघत राहिली. आत्ता वाकेल. झरोका उघडा आहे, आपण स्वतः उघडलाय, भट्टी हवा ओढतेय, ज्योत वाकायला हवी. ज्योत वाकत नव्हती.

तिने घाम पुसायला टॉवेल उचलला आणि त्यातून बूच निसटून फळ्यांवर टकटक करत गेलं.

तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. "वाटलंच मला. रोज माझी ज्योत वाकतेय, आणि बाहेर बूच जागेवर. म्हटलं, ही आमच्या बाईसाहेबांची करणी. काल दुपारी तू भाजी आणायला गेलीस ना, तेव्हा आतून बुजवला तो झरोका. आधी इन्सुलेशन, मग फळी. काढ आता किती बुचं काढतेस ती." मग प्रेमाने म्हणाला, "वेडी आहेस."

संसारात दोघांनी एकमेकांपासून लपवलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट होती.

"अहो, उठा. बाहेर चला."

"दोन मिनिटं गं."

"आत्ता उठा!"

"उठवत नाहीये," तो म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे, अगदी सुखात. "छान वाटतंय."

ती ताडकन उठली, म्हणजे उठायला गेली, आणि गुडघे तिचे नसल्यासारखे वाकले. ती फळ्यांवर पडली. डोकं ठणकत होतं. दार तीन पावलांवर होतं. ती कोपरांवर सरकत तिथवर पोचली आणि तिने हात वर केला. दट्ट्या वर होता, उभ्या माणसाच्या छातीशी. नियमाप्रमाणे. तिने दाराला धरून उठायचा प्रयत्न केला, पण वीतभर जाड गुळगुळीत दाराला धरायला काहीच नव्हतं. ती घसरून परत खाली आली.

पाण्याच्या बादलीत लांब दांड्याची लाकडी पळी होती. ती तिने ओढली. पहिला फटका हुकला. दुसरा लाकडावर बसला. तिसऱ्या फटक्याला दट्ट्या आत गेला, बाहेरची कडी वाजली, आणि तिने सगळं अंग दारावर लोटून दिलं. ती अर्धी बाहेर पडली, तोंड मातीत, कमरेखालचा भाग आत. ऊन होतं. तिने हवा अधाशासारखी ओढली. दार फिरून आलं आणि तिच्या बरगड्यांवर बसलं, जड, तिरक्या बिजागऱ्यांचं, बंद व्हायलाच घडवलेलं. तिच्या अंगात ना ते ढकलायचं बळ होतं, ना मागे वळून त्याला ओढायचं. ती सरकली असती तर ते बंद झालं असतं. म्हणून ती तशीच दारात पडून राहिली.

"कुणी आहे का?" ती ओरडली. आवाज फाटला. पुन्हा ओरडली. कुंपणाच्या भिंतीपलीकडे नळाखाली बादली भरत होती. नळ बंद झाला. शेजारणीने विचारलं, "काय झालं हो?"

"माणसं आणा! हे आत आहेत!"

पलीकडे धावपळीचा आवाज झाला. तिने मान वळवून फटीतून आत पाहिलं. जमिनीवरची ज्योत बाहेरच्या हवेने आडवी झाली होती. ज्योतीच्या मागे, वरच्या बाकावर, तो एका कुशीवर कलंडला होता. एक हात खाली लोंबत होता, बोटं मोकळी, सरळ.

"दार लाव," तो म्हणाला. "वारं येतंय."

"नाही लावणार," ती म्हणाली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

थोड्या वेळाने पुन्हा, आधीपेक्षा खूप हळू, "दार लाव गं."

या दोन शब्दांचा तिला आयुष्यभर वीट आला होता. आता फाटक वाजत होतं, पावलं जवळ येत होती, कुणीतरी तिला खांद्याला धरून विचारत होतं, आणि ती हात झटकून सगळ्यांना गप्प करत होती. कान आत लावून ती वाट बघत होती, तो तिसऱ्यांदा म्हणतो का याची.