पानावरचा डाग

मी डाग बोलतेय. म्हणजे सध्या तरी मला सगळे डागच म्हणतात. मी बुरशी आहे, निदान मला तसं वाटतं. पण एवढा काळ दगडात काढल्यावर स्वतःबद्दलसुद्धा छातीठोकपणे काही सांगवत नाही.

एका पानावर मी जन्मले. ढालीसारखी चपटी, टाचणीच्या डोक्याहून लहान. पानाने कधी कुरकुर केली नाही. पुढे ते गळून चिखलात पडलं, चिखलाचा दगड झाला, आणि कोणीतरी डोंगर फोडला तेव्हा आम्ही दोघं उजेडात आलो.

आता आमचा मुक्काम प्रयोगशाळेत, एका बाईंकडे. त्यांना या पानाला नाव द्यायचंय. त्यावाचून त्यांचा प्रबंध अडलाय. पानाच्या सालीचा एकेक तुकडा त्या ॲसिडात भिजवतात, ब्रशने घासतात आणि मायक्रोस्कोपखाली धरतात. स्वच्छतेची भारी हौस. डाग घालवण्याच्या नादात तुकडेही विरले आणि माझी सगळी भावंडं बेसिनमध्ये गेली. उरला एकच तुकडा, आणि मी नेमकी त्याच्या रंध्रांवर, म्हणजे पान श्वास घेतं त्या बारीक छिद्रांवर, बसलेली. रंध्रं दिसल्याशिवाय पानाचं नाव ठरत नाही.

परवा शेजारच्या खोलीतल्या बुरशीमावशी चहाला बोलवायला आल्या. बुरशींवर काम करतात म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणतात. त्यांनी सहज मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"अगं, हा डाग नाही. बुरशी आहे ही. हिच्या गटातली इतकी जुनी मी अजून पाहिली नव्हती."

"मग आजवर मी काय धुतलं?" बाई म्हणाल्या.

मावशींनी बेसिनकडे पाहिलं. चहा राहूनच गेला.

बुरशींची घराणी कधी वेगळी झाली, ते म्हणे माझ्यासारखीवरून कळतं. मी कोणाची पणजी आणि कोणाची चुलत आत्या, मावशींनी पुष्कळ सांगितलं. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

आज बाईंचे सर आले. "घासून टाका. आपलं काम पानाचं आहे."

बाई ब्रश हातात धरून बसल्या. मला भीती वाटली, आणि त्या पानासाठी वाईटही वाटलं. कोणाच्या बाजूने व्हावं, काही सुचेना.

"नाही घासणार, सर."

"आणि प्रबंध?"

"लांबेल." त्यांनी ब्रश खाली ठेवला.

म्हणजे मी वाचले. आनंद व्हायला हवा, पण होत नाही. ज्याने मला अंगावर वाढवलं, त्याचं नाव माझ्याखाली झाकलेलं राहिलं. बाई, मावशी, माझ्याबद्दल लिहाल तेव्हा मी एका पानावर राहत होते, हे आधी लिहा. त्याचं नाव ठाऊक नसलं तरी लिहा.