सातवी पायरी

"कठडा वाकडा काढलायस," मी म्हणालो.

"कठडा वाकडाच आहे, बाबा," असं म्हणून मुलीने तो कागद माझ्या हातातून घेतला आणि फाईलमध्ये सरकवला. वाद नाही, चिडणं नाही. मला त्याचाच जास्त राग आला. बावीस वर्षं मी त्या जिन्यावरून दिवसातून चार वेळा ये-जा करतोय, आणि काल शाळा सुटलेली पोर मला सांगणार की आमच्या इमारतीचा जिना कसा आहे.

फाईल म्हणजे तिचा पोर्टफोलिओ. आर्किटेक्चरच्या प्रवेशाची मुलाखत शुक्रवारी होती. बारा चित्रं न्यायची, सगळी समोर बसून, पाहून, स्वतःच्या हाताने काढलेली. अकरा झाली होती: बसथांब्यावरची माणसं, दवाखान्यातली बाकं, चपला दुरुस्त करणाऱ्याची पेटी, आईचे कणीक मळतानाचे हात, असं काय काय. बारावा हा जिना. खिडकीतून ऊन सकाळीच येतं म्हणून चार दिवस सकाळी सातला पायरीवर उशी टाकून बसत होती. जागा चाळीस, अर्ज सहाशेच्या वर, आणि बाईसाहेबांनी दुसरीकडे कुठे अर्जच केला नव्हता. हट्टीपणात ती आईवर गेलीय असं मी म्हणतो, तेव्हा तिची आई नुसती माझ्याकडे बघते.

फाईलच्या पहिल्या पानावर एक छापील कागद होता. 'सर्व काम अर्जदाराचे स्वतःचे आहे.' खाली तिची सही आणि पालक म्हणून माझी. सोमवारीच करून टाकली होती मी ती. चांगलं पेन घेऊन केली होती.

आता माझं सांगतो. मी ड्राफ्ट्समन. बांधकाम खात्यात एकतीस वर्षं. मला आर्किटेक्ट व्हायचं होतं आणि ते राहून गेलं, अशातला भाग नाही; खोटं कशाला बोलू. इमारत कुठे बांधायची, कशी बांधायची, ही डोकेदुखी साहेबांची. मला रेघ आवडायची. शाईची, एका जाडीची, कुठे न थबकलेली. नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. त्यात 'संकल्पना' पुढे एका साहेबांचं नाव, 'तपासले' पुढे दुसऱ्यांचं, आणि सगळ्यात खाली 'रेखाटन' पुढे माझी दोन अक्षरं. मी त्यात खूश होतो. मग कॉम्प्युटर आले, आणि मला जुन्या नकाशांच्या खोलीत बसवलं. कुणी नकाशा मागितला की काढून द्यायचा, परत आला की लावून ठेवायचा. माझी पेनं घरी आहेत. महिन्यातून एकदा धुतो, पुसतो, परत डबीत ठेवतो. बायको म्हणते, एवढी सेवा माझी केली असतीत तर.

बुधवारी ऑफिसात दुपारी वीज गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. घरी कुणी नव्हतं. बायको शाळेच्या लायब्ररीत काम करते, ती पाचला येते. मुलगी मैत्रिणीकडे मुलाखतीचा सराव करायला गेलेली. फाईल टेबलावरच होती. मी म्हटलं, बघू तरी.

जिन्याचं चित्र काढून समोर ठेवलं. चित्र चांगलं होतं, हे मलाही दिसत होतं. पण कठडा बाहेर झुकलेला. पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक तर चांगलीच उंच. भिंतीवर मध्येच काळपट डाग, बोटं लागून पसरलेला असावा तसा. एवढ्या मेहनतीचं चित्र आणि असं गबाळं न्यायचं? सहाशे पोरं असतील. समोर बसलेली माणसं चांगल्या डोळ्यांची असतील. पोरीचं नुकसान होईल, याच्या पलीकडे माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

कठड्यापुरतीच एक रेघ मारायची असं ठरवलं. पेन काढलं, पट्टी लावली, मारली. काय सुरेख आली. पण एक रेघ सरळ झाल्यावर शेजारची जास्तच वाकडी दिसायला लागली. मग ती केली. मग पायऱ्या मोजून सारख्या करून घेतल्या. शाई वाळल्यावर खालची पेन्सिल मऊ खोडरबराने हलक्या हाताने उतरवली, आणि तो भिंतीवरचा डागही साफ केला. चार वाजले तेव्हा माझ्यासमोर एक असा जिना होता की कुठल्याही साहेबाने डोळे मिटून सही केली असती. कित्येक वर्षांत इतका छान दिवस गेला नव्हता माझा. मी चहा टाकला आणि तिची वाट बघत बसलो.

ती आली, चप्पल काढली, टेबलापाशी आली. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, बोलायला शब्द सुचत नाहीत पोरीला.

"खालची पेन्सिल कुठेय?" तिने विचारलं.

"खोडली."

"सगळी?"

"शाईखाली पेन्सिल ठेवत नाहीत, बेटा."

ती खुर्चीत बसली. रडली नाही. मग म्हणाली, "बाबा, हे आता माझं राहिलं नाही. वर लिहिलंय ना, स्वतःचं काम म्हणून. तुमची सही आहे खाली."

मी म्हटलं की एवढंसं कोण बघतं, तिच्या फोनमध्ये जुन्या चित्राचा फोटो असेलच की. फोटो चालत नाही म्हणाली, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. आपटलं नाही, लोटलं.

पाच वाजता बायको आली. तिला सगळं कळायला दोन मिनिटं लागली. पिशवी खाली ठेवत ती एवढंच बोलली, "तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणून उद्या तुम्ही तिची पत्रंसुद्धा लिहाल."

माझं डोकं फिरलं. कष्ट करा आणि वर बोलणी खा. मी ड्रॉवरमधून टेप आणि ओळंबा घेतला आणि तरातरा बाहेर पडलो. म्हटलं, एकदाचं मोजूनच दाखवतो दोघींना.

पहिल्या सहा पायऱ्या बरोबर निघाल्या. सातवी बोटभर उंच निघाली. मी परत मोजली. वीस मिलिमीटर जास्त. ओळंब्याचा दोरा सोडून कठडा बघितला, तर तो वरच्या बाजूला बाहेर झुकलेला, डोळ्यांनाही दिसेल इतका. आणि सातव्या पायरीच्या बरोबर शेजारी, भिंतीवर, कमरेच्या उंचीला, काळपट डाग. तळव्यांचा, बोटांचा. मी तिथे टेप धरून उभा असताना वरच्या मजल्यावरच्या आजी एक-एक पायरी चढत आल्या. सातवीवर त्यांचं पाऊल अडखळलं, हात आपसूक भिंतीकडे गेला आणि डागावर टेकला.

"दर वेळी इथेच ठेचकाळते मी," आजी म्हणाल्या. "तुमच्या लेकीने विचारलं होतं मला. सगळेच इथे हात टेकतात, म्हणाली. मी म्हटलं, असेल बाई. लक्ष देऊन कोण बघतंय."

आजी वर गेल्या. मग मी जिना उतरलो आणि परत चढलो. सातव्या पायरीवर माझाही हात भिंतीला लागला. बावीस वर्षं लागत असणार. तो डाग मी घाण म्हणून पुसला होता. पोरीने पायरी उंच काढली होती, आणि ती उंच आहे हे माणसांना कसं कळतं तेही शेजारी काढलं होतं, आणि मी खोडरबर घेऊन बसलो होतो. इतकी लाज मला ऑफिसात कधी वाटली नाही.

वर जाऊन मी तिच्या दाराशी उभा राहिलो. "सातवी पायरी वीस मिलिमीटर जास्त आहे," मी म्हणालो.

"माहितीये," आतून आवाज आला.

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं की."

गुरुवारी सकाळी ती पुन्हा उशी घेऊन जिन्यावर बसली. चार सकाळींचं काम एका सकाळीत. नऊला ऊन हटलं तेव्हा कठडा झाला होता, पायऱ्या झाल्या होत्या, भिंत निम्मी राहिली होती. मी दोनदा चहा नेऊन ठेवला आणि कागदाकडे न बघता परत आलो. संध्याकाळी तिने ते चित्र तसंच फाईलमध्ये घातलं. माझा शाईचा कागद टेबलावर पडून होता. मी तो गुंडाळून माझ्या पिशवीत टाकला. का टाकला, सांगता येणार नाही. फेकायला हात होत नव्हता, एवढंच.

शुक्रवारी आम्ही दोघं गेलो. कॉरिडॉरमध्ये खुर्च्या मांडलेल्या, पोरं फायली मांडीवर घेऊन बसलेली, पालक पोरांपेक्षा घाबरलेले. तिला साडेअकराला आत बोलावलं आणि वीस मिनिटांनी ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. शिपायाने सांगितलं, थांबा, कागद परत मिळतील. मी विचारलं, कसं झालं?

"अकरा आवडली. बारावं अर्धवट का, विचारलं. मी म्हटलं, आधीचं खराब झालं."

"कसं खराब झालं, असं नाही विचारलं?"

"विचारलं." ती खाली बघत राहिली. "पाणी सांडलं म्हणून सांगितलं. मधल्या बाई म्हणाल्या, स्वतःच्या कामाची एवढीही काळजी घेता येत नाही, तर पाच वर्षं कशी काढशील."

या पोरीने आयुष्यात कठडा वाकडा असताना सरळ काढला नव्हता. तिला मी खोटं बोलायला लावलं होतं, तेही माझ्यासाठी, आणि त्या खोट्याने तिचंच नुकसान केलं होतं. मी पिशवी उचलली. ती "बाबा, नको" म्हणाली. मी दार वाजवलं आणि आत गेलो.

आत तिघं बसले होते. मधल्या बाई वयस्क, चष्मा डोक्यावर सरकवलेला. पालकांना आत यायची परवानगी नाही, असं त्या सांगत होत्या, तोवर मी कागद त्यांच्यासमोर उलगडला होता. म्हटलं, पाणी सांडलं नाही. हे मी केलंय. खाली माझ्या मुलीचं चित्र होतं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. कागद जवळ ओढला. "रेघ फार सुरेख आहे हो तुमची," त्या म्हणाल्या.

एकतीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं, आणि ते ऐकायला मी नेमका तिथे उभा होतो.

"रेघ ठीक आहे, बाई," मी म्हणालो, "पण जिना असा नाही." आणि मी सगळं सांगितलं. पायरीचं, मापाचं, आजींच्या हाताचं, मी पुसलेल्या डागाचं.

"हे तुम्हाला कधी कळलं?" बाईंनी विचारलं.

"बुधवारी संध्याकाळी."

"आणि मुलीला?"

"तिला आधीपासून."

त्यांनी माझा कागद घडी न घालता परत गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, बाहेर बसा, आणि तिला आत पाठवा. ती पुन्हा आत गेली. या वेळी पाऊण तास लागला. दारातून शब्द कळत नव्हते, पण आवाज बराच वेळ तिचाच होता.

यादी तीन आठवड्यांनी लागली. तिचं नाव एकतिसावं होतं. बायकोने शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं, मी ऑफिसात सांगितलं, साहेबांनी उठून हात मिळवला. मुलगी माझ्याशी पहिल्यासारखीच बोलते. चेष्टा करते, जेवताना माझ्या ताटातलं उचलते, उशीर होणार असला की फोन करते. त्या बुधवाराचं नाव तिने पुन्हा कधी काढलं नाही. फक्त चित्रं घरी आणत नाही. कॉलेजात कपाट मिळालंय, म्हणते.

कपाट खरंच मिळालंय. मध्यंतरी तिचं ओळखपत्र घरी राहिलं होतं, ते द्यायला गेलो तेव्हा ती वर्गात होती, म्हणून तिच्या मैत्रिणीने मला दाखवलं. लांबलचक कॉरिडॉर, भिंतीला लागून ओळीने लोखंडी कपाटं. बहुतेकांची दारं नुसती लोटलेली होती, कागदांचे कोपरे बाहेर आलेले. तिच्या कपाटाला कुलूप होतं. वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. मैत्रीण पुढे गेल्यावर मी ते जरा ओढून पाहिलं. पक्कं होतं.