तळाला पाच भोकं

मित्रांनो, मी एक जुनी लाल बादली आहे. न्हाणीघरातली नव्हे हं! अंघोळ, धुणं, फरशी यांच्याशी माझं काही देणंघेणं नाही. मी आगीची बादली. माझा तळ मुद्दाम गोल केलेला आहे. जमिनीवर ठेवलं की मी लवंडते. कुणी मला भलत्या कामाला नेऊ नये, म्हणून माझ्या घडवणाऱ्यांनी केलेली ती युक्ती. पण माणसं त्यांच्याहून हुशार निघाली.

एका शिलाईच्या कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी आम्ही चौघी बहिणी वाळू भरून टांगलेल्या होतो. आमची गरज कधीच लागली नाही तर उत्तम. पण लागली, तर त्याच क्षणी लागणार. नऊ वर्षं तो क्षण आला नाही. वाळूत सिगारेटची थोटकं, चॉकलेटचे कागद आणि मोडक्या सुया तेवढ्या साठत गेल्या. मला भारी राग यायचा. अहो, मी काय कचऱ्याचा डबा आहे?

काजं-बटणं करणाऱ्या एक मावशी तिथे होत्या. त्यांच्या घरी मोरीच्या कडेला टोमॅटोचं एक रोप आपोआप उगवलं होतं. खोलीत उन्हाचा कवडसाही येत नव्हता. रोप नुसतं लांबत चाललं होतं. त्यांनी ते ओल्या फडक्यात गुंडाळून कारखान्यात आणलं आणि इस्त्री करणाऱ्या भाऊंना गाठलं.

"भाऊ, ती एक बादली काढून द्या ना. मागच्या गॅलरीत ऊन छान येतं."

"मावशी, ती आगीची आहे."

"नऊ वर्षं नुसती लटकतेय बिचारी. आणि तीन आहेत की अजून!"

भाऊंनी मला उतरवलं. वाळू खाली अंगणात ओतली. मग मावशी म्हणाल्या, "तळाला भोकं पाडा बरं का. पाणी साचलं की मुळं कुजतात."

"बादलीला भोकं! कमाल झाली तुमची," असं म्हणत भाऊ हसले. त्यांनी छिन्नी आणि हातोडी घेतली आणि माझ्या तळाला बोट जाईल एवढी पाच भोकं पाडली. मी लवंडू नये म्हणून मला जुन्या टायरमध्ये बसवलं.

खरं सांगते मित्रांनो, ते दिवस मला फार आवडले. मावशी सकाळी आल्या आल्या मला पाणी घालत. गाळलेल्या चहाचा चोथा धुऊन मातीत मिसळत. मोडक्या मोजपट्टीचा आधार देऊन चिंध्यांनी रोप बांधत. पानांच्या बगलेतले फुटवे खुडत. फुलं आली की फांदीला हळूच टिचकी मारत, म्हणजे फळ धरतं म्हणे. पहिला टोमॅटो लाल झाला तेव्हा त्यांनी त्याच्या अकरा चकत्या केल्या आणि मीठ लावून सगळ्यांना वाटल्या. मालकांनीही एक खाल्ली. "वा! झकास!" म्हणाले. नऊ वर्षांत माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता जो तो कौतुक करत होता. माझं बघून माझ्या तिन्ही बहिणी उतरवल्या गेल्या. त्यांनाही पाच-पाच भोकं पडली. खुंट्या रिकाम्या झाल्या आणि मालक म्हणाले, "जिना कसा सुटसुटीत दिसतोय."

एके दुपारी, जेवणानंतर, भिंतीवरच्या विजेच्या बटणातून ठिणगी उडाली आणि खालच्या कापडाच्या ढिगावर पडली. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. आग तेव्हा गुडघ्याएवढीच होती. पण ढिगामागे मालाच्या खोलीचं दार होतं आणि मावशी आत बटणं काढत होत्या. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं. खिडकीही नव्हती.

भाऊ जिन्याकडे धावले. खुंट्या रिकाम्या! तसेच उलटे गॅलरीत आले. माझं रोप धरून त्यांनी हिसका दिला. मुळांनी माती घट्ट धरली होती, त्यामुळे हिरव्या टोमॅटोंसकट अख्खा गड्डा बाहेर आला. तो तिथेच फेकून त्यांनी मला गॅलरीतल्या नळाखालच्या पिंपात बुडवलं. मी काठोकाठ भरले. आज मी माझं काम करणार, असं मला वाटलं. देवाशपथ, तसंच वाटलं.

नळापासून त्या दारापर्यंत तीस-चाळीस पावलं असतील. भाऊंनी माझ्या तळाला पंजा लावला होता, पण पाचही भोकं त्यात मावेनात. पाणी त्यांच्या पायांवर पडत होतं. आगीपर्यंत पोहोचलो तेव्हा माझ्यात दोन ओंजळी पाणी उरलं होतं.

आतून मावशी ओरडल्या, "भाऊ, लवकर!"

आम्ही पुन्हा धावलो. पुन्हा तेच. बाकीच्यांनी माझ्या बहिणी रिकाम्या करून आणल्या, त्याही गळत होत्या. तिसऱ्या खेपेला आग छताला लागली होती आणि आतून आवाज येत नव्हता. बंबवाल्यांनी मावशींना बाहेर आणलं, तेव्हा त्यांचा श्वास थांबलेला होता.

संध्याकाळी भाऊ गॅलरीत मला मांडीवर घेऊन बसले. एकेका भोकात बोट घालून बघत राहिले. "मीच पाडली," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत.

आता मी पुन्हा खुंटीवर आहे. मला नवा लाल रंग दिलाय. तळाशी जाड कागद घालून वर वाळू भरलीय. तपासणीचे साहेब आले, त्यांनी लांबूनच चार बादल्या पाहिल्या आणि सही करून गेले. मालकांनी त्यांना चहा दिला.

मित्रांनो, टोमॅटो जरूर लावा. फुटक्या टबात लावा, तेलाच्या डब्यात लावा, भोकंही पाडा. ऊन आणि पाणी द्या. पण संकटासाठी ठेवलेली वस्तू नुसती लटकते म्हणून तिला रिकामटेकडी समजू नका. ती वाट बघत असते.

माझ्यातला कागद आता कुजलाय. रोज सकाळी माझ्याखाली चिमूटभर वाळू पडलेली असते. झाडणाऱ्या बाई ती केरात लोटतात. तुम्ही कधी त्या जिन्याने गेलात आणि ती वाळू दिसली, तर एवढं करा. मान वर करून माझा तळ बघा आणि कुणाला तरी सांगा. आत अजून दहा माणसं काम करतात.